उशाची जागा

पिसिलाचा नवरा मंगळवारी सकाळी याम कंदांच्या मळ्यात खाली वाकला, तो पुन्हा सरळ झालाच नाही. सोसाया त्याचं नाव, वय एकोणसाठ. साथीचा त्यात काही हात नव्हता, काळीज थांबलं एवढंच. पण दिवस साथीचे होते. ज्वालामुखीची राख अजून पन्हाळीत ओली होऊन बसलेली आणि दोन वर्षं बेटाबाहेर थोपवून धरलेला तो ताप एकदाचा किनाऱ्याला लागलेला. चर्चला कुलूप. मयताला माणसं मोजून.

सरकारी माणूस फोनवर आकडा सांगून मोकळा झाला. मंडपात एका वेळी वीस. पिसिलाने बोटं मोजायला घेतली आणि पहिल्याच बोटाशी अडली. पहिलं बोट नणंदेचं होतं.

भावाच्या मयतात बहीण म्हणजे फाहू. तिच्यावर मान कुणाचा नाही. ती उशाशी बसते. लोकांनी आणलेल्या चटया आणि झाडाची साल ठोकून केलेली कापडं तिच्यापुढे यायची, त्यातलं काय ठेवायचं, काय द्यायचं ते ती ठरवणार, आणि तिला कुणी काही म्हणायचं नाही. बायकोने केस मोकळे सोडायचे, फाटकी चटई कमरेला गुंडाळायची आणि खाली बसायचं. दहाव्या दिवशी फाहूने स्वतःच्या हाताने ते केस कापले की दुखवटा सुटला. तोवर वेणी नाही, अंबाडा नाही, कंगवासुद्धा नाही.

सोसायाला बहीण एकच. लुसियाने. शेजारच्या गावात लेक-जावयाकडे राहायची, वय त्रेसष्ट, आणि गेल्या आठवड्यात तिला कॅन्सरचं तिसरं सलाइन चढवलं होतं. डावं स्तन आधीच काढलेलं. केस पार गेलेले.

पिसिलाने नर्स एसेताला फोन लावला. एसेता ओळखीतली, लुसियानेच्या औषधपाण्याचं तीच बघायची.

"त्यांच्या पांढऱ्या पेशी तळाला गेल्यात," एसेता म्हणाली. "तुम्हाआम्हाला हा ताप म्हणजे आठवडाभर अंथरूण. त्यांना झाला आणि भरती करायची वेळ आली तर काही खरं नाही. बाहेरच्या देशांत पहिल्या वर्षी भरती केलेल्या अशा पेशंटांत चारातला एक जायचा, असं मी वाचलंय. आता लसी झाल्यात, तेवढं वाईट नाही. पण खेळ नको."

"म्हणजे आणायचंच नाही."

"असं कुठे म्हटलं मी? सख्खा भाऊ आहे, पिसिला. ऐक. मंडपाच्या चारही बाजू उघड्या ठेव. उजाडायच्या आत, कुणी यायच्या आधी त्यांना आण. घरात कुणाला खोकला नाही ना? मग झालं. मास्क लावून दहा मिनिटं उशाशी बसतील, भावाला बघतील, गाडीत घालून परत पाठव. हे मी जबाबदारीने सांगते."

"बरं," पिसिला म्हणाली. आणि तिने नणंदेला फोन केला.

"वन्सं, एसेताशी बोलले मी. ती म्हणते, चारातला एक जातो."

पलीकडे कोंबड्यांचा आवाज.

"असं म्हणाली?"

"हो, वन्सं."

खोटं काय बोलली ती? एक शब्द खोटा नव्हता. फक्त 'पहिल्या वर्षी' गळलं, 'भरती केलेल्या' गळलं, लसी गळल्या, चारी बाजू उघडा मंडप गळला आणि दहा मिनिटं गळली. धान्य पाखडताना सुपातून एक बाजू हळूच उडून जावी तसं.

"मग उशाशी कोण?" वन्संनी विचारलं.

"तिलिसाला सांगावं म्हणते. चुलत का होईना, बहीणच."

"तिलिसा!" वन्सं हसल्या, त्या हसण्याला नीट दम नव्हता. "बसेल ती. तिलिसा कुठेही बसेल."

फोन ठेवल्यावर पिसिलाला जे वाटलं ते तिने पुढे कितीतरी दिवस स्वतःलाही सांगितलं नाही. घट्ट बूट काढल्यावर पायाला वाटतं तसं तिला वाटलं होतं. नवरा आत थंड पडलेला, आणि हिला हलकं वाटलं.

एकतीस वर्षं झाली होती त्या बुटाला. लेक झाली तेव्हा पिसिलाला तिला आपल्या आईचं नाव द्यायचं होतं. आत्याने 'सेला' ठेवलं, आणि आत्याने ठेवलं म्हणजे ठेवलं. सेलाच्या पहिल्या वाढदिवसाला केकचा वरचा मजला आत्याच्या घरी गेला; एकविसाव्यालाही गेला. पण केकचं काही नाही, केक विसरता येतो. सेलाच्या लग्नात पिसिलाच्या आईने सालीचं कापड पाठवलं होतं, अख्ख्या खोलीभर पसरेल एवढं. म्हातारीने ते शेवटचं ठोकलेलं. एका कडेला नेच्याच्या पानांची ओळ वाकडी गेली होती, कारण रंगवताना हात थरथरायला लागला होता. वन्सं त्या कापडावर बसल्या, जेवल्या, आणि उठताना म्हणाल्या, "गुंडाळा रे." पोरांनी गुंडाळलं. गाडीत ठेवलं. दुसऱ्या वर्षी म्हातारी गेली. तिच्या हातचं पिसिलाकडे काहीच राहिलं नाही, एक ठोकणी सोडली तर. हक्क होता वन्संचा, कुणी म्हणू शकत नव्हतं काही. ज्यावर बोलता येत नाही, ते मग असं सुपातून उडतं.

गुरुवारी सकाळी, ऊन बऱ्यापैकी वर आल्यावर, वन्संचा जावई फाटकाशी गाडी घेऊन आला. आत आला नाही. गाडीतून एक लांबलचक गुंडाळी काढून कुंपणावर आडवी ठेवली आणि मास्कमधून ओरडला, "मामी! सासूबाई म्हणाल्या, मामांना यात गुंडाळा. जाऊ दे त्यांच्याबरोबर मातीत."

"सांग त्यांना, मिळालं म्हणावं."

तो अजून काही ऐकायला मिळतंय का बघत दोन क्षण रेंगाळला. हातात किल्ली तशीच होती. मग गेला.

पिसिलाने कड उलगडली. वाकडी नेची.

ती ओल्या गवतात उकिडवी बसली. वन्संनी नेलेलं परत येतं, हे तिने कधी पाहिलं नव्हतं. आईचं कापड आईच्या जावयाला. किती साधी गोष्ट होती, कुणालाही सुचावी अशी. पण त्याच वेळी आणखी एक गोष्ट तिला सुचली. सोसायाला गुंडाळायला बारा चटया जमल्या होत्या. त्याला काय कमी होतं? हे कापड मातीत कुजवून काय मिळणार? नुसतं खाली अंथरावं. विधी झाला की घडी करून आपल्या पेटीत. आईची एवढी तरी आठवण.

म्हणून वन्संचा निरोप तिने कुणाला सांगितला नाही. कापड प्रेताखाली अंथरलं गेलं.

तिलिसा आली ती काळ्या रेशमी झग्यात, पंखा घेऊन. पन्नाशीची, गोलमटोल, मनाने वाईट नाही. आयुष्यभर लग्नामयतांत ताटं उचललेली बाई. आज पहिल्यांदा तिच्यापुढे ताट येणार होतं.

"वहिनी, मी इथेच ना? अगदी उशाशी?"

"तिथेच."

"मग जरा उशी द्या पाठीला."

सेलाने बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यावर फोन टेकवून ठेवला. ऑकलंडचे, सिडनीचे, अमेरिकेतले नातेवाईक यायला मुकले होते. त्यांना घरबसल्या दिसावं म्हणून. प्रार्थना झाली, गाणी झाली. सेला अधूनमधून फोनवर आलेलं वाचायची आणि आईच्या कानाशी पुटपुटायची.

"ऑकलंडचे काका विचारतायत, उशाशी कोण आहे ती?"

"सांग, तिलिसा म्हणून."

"सांगितलं. म्हणतात, लुसियाने कुठाय?"

"सांग, डॉक्टरांनी मनाई केली."

सेलाने टाइप केलं. पिसिला केसांच्या पडद्याआड मान घालून बसली. मोकळ्या केसांचा एवढा एक उपयोग.

सोसायाला चटयांत गुंडाळून उचललं. मागे कापड उरलं. पिसिला घडीसाठी उठणार, एवढ्यात तिलिसाने पंखा त्या कापडावर ठेवला. हलकेच ठेवला, पण सगळ्यांना दिसेल असा.

"हे दोघांनी उचला रे. माझ्या गाडीत."

पिसिला परत खाली टेकली. बोलणार काय? तिथे बसवलं कुणी होतं तिला?

"आई!" सेला कुजबुजली. "आजीचं कापड ते! आत्याकडून आलेलं! नेतेय ती!"

"नेऊ दे. फाहू आहे ती आजची."

सेलाने आईकडे पाहिलं, मग फोन बंद करायला वाकली, आणि वाकलेलीच राहिली. "आई, आत्या बघतेय."

"कुठे?"

"यात. नाव दिसतंय बघ. पहिल्यापासून आहे."

समुद्रापलीकडच्यांना दिसावं म्हणून लावलेला फोन शेजारच्या गावातही दिसतो, हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. पिसिला त्या डब्याकडे बघत राहिली. डब्यावर हसऱ्या बाईचं चित्र होतं. फोनचा काळा डोळा तिच्या डोक्यावर बसला होता. तिला वाटलं, वन्संना आत्ता आपलं तोंड दिसतंय. मग तिने केस पुढे ओढले, आणि ओढताना हेही कळलं की तेही दिसतंय.

वन्संचा फोन आला नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. रागावल्या असत्या तर पिसिलाने खाली मान घालून ऐकून घेतलं असतं. बायका ऐकून घेतात आणि मग जेवायला बसतात. हे न बोलणं ऐकून घेता येईना.

दहाव्या दिवशी तिलिसा कात्री घेऊन आली. पिसिला अंगणात चटईवर बसली. तिलिसाने केसांची एक बट उचलली, ठेवली. परत उचलली, परत ठेवली.

"नाही जमायचं, वहिनी."

"काय झालं?"

"काल लुसियानेताईंचा फोन आला होता."

"काय म्हणाल्या?"

"काही नाही. विचारलं, कात्रीला धार आहे ना. एवढंच. मला झोप नाही लागली बघा." तिलिसाने कात्री झग्याच्या खिशात घातली. "बसायला सांगितलं, मी बसले. पण हे केस तुमचे आणि त्यांचे. तुमचं तुम्ही बघून घ्या."

"आणि कापड?"

"कापडाचं त्या काही बोलल्या नाहीत," तिलिसा घाईघाईने म्हणाली आणि निघाली.

पिसिलाचे केस मोकळेच राहिले. दुकानात पाव घ्यायला गेली की काउंटरमागची बाई आधी केसांकडे बघायची, मग कॅलेंडरकडे. "अजून?" नारळाचा चव पिळताना दुधात केस पडायचे. मळ्यात ते घामाने मानेला चिकटायचे. लोकांना कारण माहीत नव्हतं. लोकांना एवढंच दिसत होतं की या बाईचं कुठेतरी काहीतरी राहिलंय. आणि ते बरोबरच दिसत होतं.

तिसऱ्या आठवड्यात तिने नाकात काडी घालून घेतली. एकच रेघ आली. मास्क लावला, अळूच्या पानांत नारळाचं दूध आणि खारवलेलं मांस बांधून लू भाजलं, आणि तीन मैल चालत गेली. फाटकाबाहेर उभी राहिली. आत जायची हिंमत नव्हती, आणि जाणं बरोबरही नव्हतं.

वन्सं ओट्यावर खुर्चीत होत्या. डोक्याला पांढरा रुमाल. त्यांचं एवढंसं झालेलं तोंड बघून पिसिला पाठ केलेलं सगळं विसरली.

"उन्हात का उभी आहेस? फणसाखाली हो," वन्सं म्हणाल्या. ब्रेडफ्रूटच्या झाडाला त्या घरात फणसच म्हणत.

"वन्सं, एसेता म्हणाली होती, तुम्हाला आणता येईल. पहाटे. दहा मिनिटं. मी तुम्हाला सांगितलंच नाही."

"माहीत आहे."

"...माहीत आहे?"

"एसेताने तुझ्या आधी मला फोन केला होता. अगदी जसंच्या तसं सांगितलं होतं. मग तुझा आला." वन्संनी रुमाल कपाळावर सारखा केला. "तरी गुरुवारी पहाटे मी अंघोळ केली. काळा झगा घातला, आईची चटई बांधली, मास्क लावून इथेच बसले. जावई किल्ली घेऊन उभा. म्हटलं, उजाडेपर्यंत हिचं मन बदलेल. उजाडलं. ऊन इथपर्यंत आलं." त्यांनी पायाने ओट्यावरची एक फळी दाखवली. "मग म्हटलं, हा किल्ली घेऊन उभाच आहे तर कापड तरी पोचवून येईल."

पिसिलाने फाटकाची सळई धरली. सळई तापली होती, तरी धरून ठेवली.

"तुम्ही नुसत्या उठून आला असतात तरी..." तिला पुरं करता येईना.

"कोण अडवणार होतं मला? फाहूला? हेच विचारतेय मी स्वतःला, तीन आठवडे." वन्सं थांबल्या. त्यांना बोलताना दम लागत होता. "खरं ऐकायचंय? तू नको म्हणालीस तेव्हा आधी राग आलाच नाही. आधी सुटल्यासारखं वाटलं. चारातला एक, चारातला एक, तेवढंच डोक्यात. सख्खा भाऊ पडलेला आणि मी जिवाला भ्याले, पिसिला. अंघोळ करून बसले होते ना, ते तू बोलवावंस म्हणून. म्हणजे मग मला स्वतःहून निघावं लागलं नसतं. राग नंतर आला. राग आल्यावर फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू."

पिसिलाने तोपर्यंत मानलं होतं की लाज आपली एकटीची आहे. ती अशी दुसऱ्या घरातही निघेल, आणि तीही वन्संच्या, असं तिच्या स्वप्नात नव्हतं. हलकं नाही वाटलं. आणखीच जड झालं, कारण आता दोघींचं होतं.

"कापडाचंही मीच," ती म्हणाली. "तुमचा निरोप दाबला मी. म्हटलं, मला राहील. आईचं."

"ते दिसलं मला. फोनवर अगदी मोठं दिसतं. तिलिसाचा पाय होता त्या वाकड्या नेच्यांवर." वन्संच्या ओठांच्या कडेला काहीतरी हललं. "तुझ्याकडून लग्नात आणलं ना, तेव्हाच कळलं होतं मला. तुझं तोंड बघून. तरी आणलं. नेलं नसतं तर लोक म्हणाले असते, हिचा मान कुठाय. पेटीत नुसतं ठेवलं नऊ वर्षं. एकदा अंथरलं नाही."

"मी मागू का तिलिसाकडे?"

"अजिबात नाही. राहू दे तिच्याकडे. तिच्या घरी गेलीस की दिसेल तुला. मी गेले की मलाही."

मग पिसिलाने केस हातात धरून विचारलं, "आणि हे?"

"हे कापायचे तर तुला जवळ घ्यावं लागेल. अजून तीन सलाइनं आहेत." वन्संनी रुमालावरून हात फिरवला. "माझे उगवू देत. मग तुझे कापते."

नाहीच उगवले तर, हे पिसिलाच्या ओठांवर आलं. तिने गिळलं. पण वन्संनी ऐकलंच.

"नाही उगवले तर फिर तशीच. लोक विचारतील तेव्हा सांग काय ते. ते लू ठेव खांबावर आणि जा."

दर शनिवारी पिसिला खांबावर काहीतरी ठेवून यायची. वन्सं ओट्यावर, ती फाटकाबाहेर. बोलणं मळ्याचं, सेलाच्या पोराचं, तिलिसाने सगळ्या गावाला आपलं कापड दाखवल्याचं. पिसिलाची नजर आपोआप रुमालाकडे जायची. "बघू नकोस सारखी," वन्सं म्हणायच्या, "बघून उगवत नाहीत."

जूनमध्ये एवढं सांभाळूनही ताप त्या घरात शिरलाच. जावयाला झाला, मग लेकीला, मग वन्संना. सहा दिवस त्या दवाखान्यात नाकात नळी घालून होत्या. पिसिला घरी गुडघ्यावर बसून प्रार्थना करत राहिली. चौथ्या दिवशी प्रार्थनेच्या मधेच तिला कळलं की आपण पाठीवरचे केस मुठीत घट्ट धरलेत. वन्संसाठी मागतेय मी, का या केसांसाठी? तिने केस सोडले आणि पहिल्यापासून प्रार्थना सुरू केली. तरी खात्री झालीच नाही.

सातव्या दिवशी एसेताने फोन केला. "घरी सोडतोय. नशीब म्हणा, लस म्हणा, काय म्हणायचं ते म्हणा. आणि त्या विचारतायत, तुझे किती लांब झाले."

ऑक्टोबरात एका शनिवारी फाटक उघडं होतं. ओट्यावर वन्सं, आणि रुमाल नव्हता. डोक्यावर पांढरी लव, बोटाच्या पेराएवढी, पिल्लाच्या अंगावर असते तशी.

"ये. कात्री आणलीस? माझ्या कात्रीला गंज चढलाय."

कात्री गेले सात महिने पिसिलाच्या पिशवीतच असायची. ती झाडाखाली चटईवर पाठमोरी बसली. वन्संची खुर्ची मागे सरकली. केसांत गुठळ्या झाल्या होत्या, वाळलेलं गवत होतं, कुठेतरी अजून करडी राखही असावी. वन्संची बोटं मानेला लागली. फार बारीक झालेली, गार. एकतीस वर्षांत त्यांनी तिला असा हात कधी लावला नव्हता, आणि पिसिलाची मान आपोआप खाली गेली, खाली, हनुवटी छातीला टेकेपर्यंत.

"मान वर कर," वन्सं म्हणाल्या.

तिला करवेना.

"अगं वर कर! इतकी खाली घातलीस तर सरळ कसे कापणार मी?"

पिसिलाने मान वर केली. समोर फाटक होतं, आणि त्याबाहेरची ती जागा, जिथलं गवत दर शनिवारी तुडवून तुडवून उगवायचं थांबलं होतं. कात्री करकरत चालली. तरीही केस वाकडेच कापले गेले, डावीकडून दोन बोटं आखूड. वन्संचा हात थरथरत होता.